सूचनापेटी रिकामी का राहते?

कामाच्या ठिकाणी नव्या कल्पना कशाने सुचतात आणि कशाने विझतात, याचा शोध गेली साठ-सत्तर वर्षे सुरू आहे. 'कल्पक माणसे हवीत' अशी जाहिरात देणाऱ्यांनी आधी आपल्या कार्यालयाची हवा तपासावी, असाच या शोधाचा निष्कर्ष आहे.

बऱ्याच जुन्या कारखान्यांच्या प्रवेशद्वाराशी किंवा सरकारी कार्यालयांच्या जिन्याखाली एक लाकडी पेटी टांगलेली असते. 'सूचनापेटी' ही अक्षरे तिच्यावर कधीकाळी रंगवलेली असतात. तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे शिपायापासून साहेबांपर्यंत कोणालाच नक्की सांगता येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पेटी उघडलीच, तर आतून निघते कॅन्टीनच्या चहाविषयीची तक्रार, नाहीतर एखादे निनावी पत्र. आपल्या माणसांकडे कल्पकता म्हणून नाहीच, असा निष्कर्ष त्यावरून काढून व्यवस्थापन मोकळे होते.

आता याच माणसांना फाटकाबाहेर पाहावे. दिवसभर लेथवर मान खाली घालून काम करणारा टर्नर भाद्रपदात मोटार, कप्पी आणि सायकलची साखळी जुळवून मंडळाचा हलता देखावा उभा करतो. आवक-जावक नोंदणाऱ्या कारकुनाचे नाटक कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत टाळ्या घेते. पॅकिंग विभागातील बाई दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचा संसार असा मांडतात, की एखाद्या वास्तुरचनाकाराने वही घेऊन शिकायला बसावे. मग सकाळी हजेरी लागल्यापासून संध्याकाळी भोंगा होईपर्यंतच्या आठ तासांत ही कल्पकता जाते कुठे?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. ज्या यंत्रावर माणूस पंधरा वर्षे उभा राहतो, त्या यंत्राचे दोष त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. तो गप्प राहिला, तर कारखान्याचा तोटा होतोच; पण आयुष्यातील सर्वाधिक जागे तास जिथे घालवायचे, तिथे आपल्या डोक्याची कोणाला गरज नाही, ही जाणीव त्या माणसाला आतून पोखरत जाते. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

कल्पकतेचे तीन आधार

या विषयाच्या अभ्यासात हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका टेरेसा अमाबिले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सृजनशीलता ही मोजक्या प्रतिभावंतांना लाभलेली देणगी आहे, ही समजूत त्यांनी बाजूला सारली. त्यांच्या मांडणीनुसार कोणाही कर्मचाऱ्याची कल्पकता तीन गोष्टींवर उभी असते. पहिली, त्या कामातील प्रावीण्य. दुसरी, प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहण्याची विचारपद्धती. तिसरी, त्या कामाविषयीची आंतरिक ओढ, म्हणजे काम करण्यातच वाटणारी गोडी.

यातील पहिल्या दोन गोष्टी कमावण्यास वर्षे लागतात. प्रशिक्षणाचे दोन दिवसांचे शिबिर भरवून त्या येत नाहीत. तिसरी गोष्ट मात्र फार नाजूक असते. साहेबांच्या एका शेऱ्याने ती सकाळी मरगळते आणि एका विश्वासाच्या शब्दाने संध्याकाळी पुन्हा तरारते. कार्यालयातील वातावरणाचा सर्वांत जलद परिणाम या आंतरिक ओढीवरच होतो. म्हणूनच कर्मचारी तोच, पगार तोच, खुर्ची तीच. पण विभागप्रमुख बदलला की माणूस बदलल्यासारखा वाटतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

एका दुबळ्या गोंदाची गोष्ट

हे वातावरण म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास अमेरिकेतील 'थ्री-एम' या कंपनीचे उदाहरण उपयोगी पडते. एकाच कंपनीत कल्पकता फुलण्याचा आणि आक्रसण्याचा असे दोन्ही काळ तेथे पाहावयास मिळतात.

१९०२ साली मिनेसोटा राज्यात स्थापन झालेली ही कंपनी आरंभी पॉलिश कागद बनवीत असे. १९२० च्या दशकात रिचर्ड ड्रू हा तिचा तरुण प्रयोगशाळा साहाय्यक पॉलिश कागदाचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जात असे. त्या काळी दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली होती. एक रंग लावताना दुसरा भाग झाकण्यासाठी चिकटवलेला कागद काढला, की रंगाचे पापुद्रे निघत आणि कारागीर वैतागून शिव्या देत. हे पाहून ड्रूने हलक्या हाताने निघणारी चिकटपट्टी बनवण्याचा ध्यास घेतला. चिकटपट्टीशी त्याच्या नेमून दिलेल्या कामाचा संबंध नव्हता. 'आपले काम बघ' असे वरिष्ठांनी बजावूनही तो मधूनमधून प्रयोग करीत राहिला. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली आणि १९३० मध्ये त्यानेच पारदर्शक सेलोफेनची टेप बाजारात आणली. आज शाळकरी मुलांच्या दप्तरापासून टपाल कार्यालयापर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या टेपचे मूळ तेथे आहे.

ड्रूला थांबवू पाहणाऱ्या विल्यम मॅकनाइट यांनी त्यातून धडा घेतला, ही यातील महत्त्वाची गोष्ट. १९०७ मध्ये हिशेबनीसाचा मदतनीस म्हणून लागलेले मॅकनाइट पुढे कंपनीचे सर्वोच्च अधिकारी झाले. काम सोपवलेल्या माणसाला ते आपल्या पद्धतीने करू द्यावे. त्याच्या हातून चुका होतील, पण त्याने कसे काम करावे हे वरून पदोपदी सांगण्याची वरिष्ठांची चूक त्याहून महाग पडते, हे त्यांनी १९४८ मध्ये कंपनीचे तत्त्व म्हणून मांडले. संशोधकांनी आपला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या प्रयोगासाठी वापरावा, हा 'थ्री-एम'चा प्रसिद्ध प्रघातही याच विचारातून रुजला.

या पंधरा टक्क्यांचे फळ म्हणजे टेबलाटेबलावर दिसणाऱ्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या, अर्थात पोस्ट-इट. १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर हे शास्त्रज्ञ एक अत्यंत पक्का गोंद शोधत होते. हाती आला तो उलट, चिकटतो पण सहज सुटतो असा दुबळा गोंद. नेहमीच्या हिशेबाने हे अपयशच. पण सिल्व्हर यांनी ते दडवले नाही. कंपनीतल्या कंपनीत व्याख्याने देत, याचा कोणाला काही उपयोग सुचतो का, असे ते पाच-सहा वर्षे विचारत राहिले. आर्ट फ्राय हे त्यांचे एक सहकारी चर्चच्या गायकवृंदात गात असत. गाण्याच्या पुस्तकात खुणेसाठी घातलेले कागदाचे कपटे ऐन वेळी गळून पडतात, याचा त्यांना वैताग होता. १९७४ मध्ये त्यांना सिल्व्हर यांचा गोंद आठवला आणि दोन टोके जुळली. शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळ्या कागदाचे तुकडे उपलब्ध होते, म्हणून चिठ्ठ्याही पिवळ्या झाल्या!

तरीही १९७७ मध्ये चार शहरांत झालेली चाचणी फसली. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात चिठ्ठ्या फुकट वाटल्यावर वापरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी त्या विकत घेऊ म्हणून सांगितले आणि १९८० मध्ये पोस्ट-इट संपूर्ण अमेरिकेत विक्रीस आली. शोध लागल्यापासून विक्री होईपर्यंत बारा वर्षे! या काळात एखाद्या हिशेबी साहेबाने 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न तिमाही बैठकीत विचारून फाइल बंद केली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता.

बक्षिसाने कल्पना सुचतात का?

कर्मचाऱ्यांना नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून रोख बक्षीस जाहीर करणे, हा बहुतेक व्यवस्थापनांचा पहिला उपाय असतो. या उपायाची परीक्षा घेणारा एक जुना प्रयोग आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक कोडे रचले होते. मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक लहान पेटी दिलेली असते. टेबलावर मेण न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावायची. बहुतेक जण मेणबत्तीच टाचण्यांनी भिंतीला ठोकू पाहतात आणि फसतात. टाचण्यांची पेटी रिकामी करून तीच भिंतीला ठोकायची व तिच्यात मेणबत्ती उभी करायची, हे त्याचे उत्तर. पेटी ही केवळ टाचण्या ठेवण्यासाठीच आहे, ही मनातील गाठ सुटली पाहिजे.

सॅम ग्लुक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये या कोड्यात पैशाची भर घातली. एका गटाला सांगितले, की लवकर सोडवणाऱ्यास रोख बक्षीस मिळेल. दुसऱ्या गटाला बक्षिसाविषयी काहीच सांगितले नाही. बक्षिसाच्या आशेने बसलेल्या गटाला सरासरी साडेतीन मिनिटे अधिक लागली! मात्र टाचण्या पेटीबाहेर काढून ठेवल्या आणि उत्तर जवळजवळ उघडच केले, तेव्हा बक्षीसवाला गट पुढे गेला. तात्पर्य असे, की वाट ठरलेली असेल तर बक्षिसामुळे पाय झपझप उचलले जातात. वाटच शोधायची असेल तर बक्षिसाकडे लागलेली नजर आजूबाजूला वळत नाही.

अमाबिले यांनी १९८५ मध्ये ७२ होतकरू लेखकांवर असाच प्रयोग केला. पैसा, प्रसिद्धी अशा बाह्य कारणांचा विचार करायला लावल्यानंतर काही जणांकडून कविता लिहून घेतल्या. लिहिण्यातील आनंदाचा विचार केलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या कविता परीक्षकांना कमी कल्पक वाटल्या. बाह्य कारणांचा केवळ विचारही पुरेसा ठरला.

याचा अर्थ पगार कमी द्यावा, असा कोणी सोयीस्करपणे काढू नये. घरभाडे आणि मुलांची फी यांच्या चिंतेत असलेल्या माणसाकडून उत्तुंग कल्पनांची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. न्याय्य पगार आणि नोकरीची शाश्वती हा पाया आहे. त्यानंतर जे बक्षीस 'तुमचे काम आम्ही पाहिले, समजून घेतले' असे सांगते, त्याने हुरूप येतो. जे 'इतक्या कल्पना द्या, तितके पैसे घ्या' असे सांगते, त्याने कल्पनांची संख्या कदाचित वाढेल, त्यांचा कस वाढेलच असे नाही.

भीती नावाचा पहारेकरी

पैशापेक्षाही मोठा अडसर असतो तो भीतीचा. हार्वर्डच्याच प्राध्यापिका एमी एडमंडसन १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्यातील चुकांचा अभ्यास करीत होत्या. ज्या विभागात परिचारिकांचा मेळ उत्तम, तेथे चुका कमी असणार, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटेच आले. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद अधिक! खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तेथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. चूक सांगितली तर फाडून खाल्ले जाणार नाही, अशी तेथे खात्री होती. एडमंडसन यांनी या खात्रीला मानसिक सुरक्षितता म्हटले आणि १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासातून तिचा शिकण्याशी आणि कामगिरीशी असलेला संबंध दाखवून दिला. पुढे 'गुगल'ने आपल्या सुमारे १८० गटांचा अभ्यास केला. उत्तम गट कशाने घडतो, याच्या उत्तरात हीच सुरक्षितता अग्रस्थानी आली.

नव्या कल्पनेचे आणि चुकीचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे. चूक कबूल करायला जे धैर्य लागते, तेच अर्धीकच्ची कल्पना बोलून दाखवायला लागते. कारण कोणतीही नवी कल्पना पहिल्यांदा बोलली जाते, तेव्हा ती थोडी वेडगळच वाटते. 'तुम्हाला कोणी विचारले?' हा एक प्रश्न ती गिळायला लावतो. एकाला असे गप्प केले, की पाहणारे दहा जण आपापल्या कल्पना घरीच ठेवून येतात.

भीतीचे आणखी एक सूक्ष्म रूप म्हणजे सततची टेहळणी. इथन बर्नस्टाइन या संशोधकाने दक्षिण चीनमधील मोबाइल फोन बनवणाऱ्या एका प्रचंड कारखान्यात केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी तेथे साधे कामगार म्हणून रुजू झाले आणि आतले चित्र त्यांना दिसले. कामगारांनी काम जलद व सोपे करणाऱ्या स्वतःच्या युक्त्या शोधून काढल्या होत्या; पण साहेब दिसताच ते त्या बंद करून पुस्तकी पद्धतीने काम करू लागत. नवी युक्ती साहेबांना समजावत बसण्यापेक्षा लपवणे सोपे, असा त्यांचा हिशेब होता. मग काही उत्पादन-ओळींभोवती नुसते पडदे लावण्यात आले. कामगार एकमेकांना दिसत होते, बाहेरून मात्र कोणी पाहू शकत नव्हते. त्या ओळींचे उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढले.

आज कर्मचाऱ्याच्या संगणकावरील प्रत्येक टकटक मोजणाऱ्या प्रणाली विकत मिळतात. त्या विकत घेणाऱ्यांनी या पडद्याचा विचार जरूर करावा.

याच्या नेमके उलट टोक जपानमधील 'टोयोटा'त दिसते. १९५१ मध्ये तेथे कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली. अमेरिकेतील 'फोर्ड'च्या कारखान्यास भेट देऊन परतलेल्या एइजी टोयोडा यांनी तेथील पद्धत पाहून ती आणली होती. मात्र जपानमध्ये तिला निराळे वळण मिळाले. एकाच मोठ्या, डोळे दिपवणाऱ्या कल्पनेची वाट न पाहता पेचकस हाताशी कुठे टांगावा, पेटी कोणत्या उंचीवर ठेवावी, अशा बारीकसारीक सूचनांना तेथे मान मिळाला. काही बिघडलेले दिसले तर दोरी ओढून उत्पादन-ओळ थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला देण्यात आला. दोरी ओढल्यावर गटप्रमुख जाब विचारायला नव्हे, मदतीला धावतो. कारखान्यातील सर्वांत महाग गोष्ट, म्हणजे चालू उत्पादन, थांबवण्याइतका विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्याला सूचना करताना संकोच वाटत नाही.

घाई आणि पुढे सरकल्याचे समाधान

'दबावाखालीच उत्तम काम होते' हे वाक्य आपल्याकडे, विशेषतः वृत्तपत्रांच्या कार्यालयांत, सुभाषितासारखे वापरले जाते. अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासून पाहिले. सात कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांनी त्यांच्यासाठी रोजनिशी लिहिली आणि सुमारे बारा हजार नोंदी जमा झाल्या. अतिघाईच्या दिवशी माणसांना आपण फार काही निर्माण केल्यासारखे वाटत असले, तरी प्रत्यक्षात त्या दिवशी नवी कल्पना सुचण्याची शक्यता कमी होती. दर दहा मिनिटांनी फोन, मध्येच बैठक, तातडीचा अहवाल, अशा तुकडे तुकडे झालेल्या दिवशी तर ती जवळपास मावळतच असे. काम खरोखर महत्त्वाचे आहे हे पटले असेल आणि बाकीच्या व्यत्ययांपासून माणसाला संरक्षण मिळाले असेल, तरच घाईतही काही सुचते. घाईचा दुष्परिणाम त्याच दिवसापुरता राहत नाही. पुढचा दिवसही तो झाकोळून टाकतो.

याच रोजनिश्यांतून दुसरी एक गोष्ट पुढे आली. माणसाला कामात सर्वाधिक उमेद कशाने येते? अर्थपूर्ण कामात आज आपण एक पाऊल पुढे सरकलो, या समाधानाने. पाऊल लहान असले तरी चालते. पण ६६९ व्यवस्थापकांना प्रेरणेच्या कारणांचा क्रम लावायला सांगितला, तेव्हा त्यांनी नेमके हेच कारण शेवटच्या क्रमांकावर टाकले! साहेबांना जे शेवटचे वाटते, तेच कर्मचाऱ्याच्या वहीत पहिले असते.

बैठकीत कल्पना का सुचत नाहीत?

सर्वांना गोल टेबलाभोवती बसवून 'सुचवा' म्हटले की कल्पनांचा पाऊस पडेल, ही समजूत अमेरिकी जाहिरातक्षेत्रातील अ‍ॅलेक्स ऑसबोर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्यांची संख्या कितीतरी अधिक भरली. कारण बैठकीत एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली कल्पना विसरतात किंवा आधीच्याच्या रुळावरून जातात. त्यातून साहेब पहिले बोलले, तर पुढची बैठक म्हणजे केवळ होकाराची आवर्तने! यावर उपाय सोपा आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहावे, मग एकत्र बसून निवड करावी आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे.

२०२० च्या महासाथीनंतर घरून काम करणे रूढ झाले, तेव्हा या प्रश्नाला नवी बाजू जोडली गेली. 'नेचर' या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात युरोप, मध्यपूर्व व दक्षिण आशियातील पाच देशांतील अभियंत्यांच्या जोड्यांची तुलना होती. समोरासमोर बसलेल्यांना पडद्यावरून बोलणाऱ्यांपेक्षा अधिक कल्पना सुचल्या. पडद्यावर खिळलेल्या नजरेबरोबर विचारही अरुंद होतो, असे संशोधकांचे म्हणणे. मात्र आलेल्या कल्पनांतून योग्य ती निवडण्यात पडद्यावरचे मागे नव्हते. म्हणजे कार्यालयात यायचे असेल, तर ते कशासाठी याचे उत्तर येथे मिळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयीही असाच सावध निष्कर्ष हाती येत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या साधनांकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचकांना अधिक सरस वाटल्या. पण त्या सगळ्या एकमेकींसारख्या होऊ लागल्या. एकेका माणसाला मदत झाली, समूहाचे वैविध्य मात्र घटले. सर्वांनी एकाच विहिरीचे पाणी शेंदले, तर चव वेगळी कशी लागणार?

शिस्तीने आलेला दुष्काळ

पुन्हा 'थ्री-एम'कडे वळू. २००१ च्या आरंभी जेम्स मॅकनर्नी हे 'जनरल इलेक्ट्रिक'मधून आलेले अधिकारी कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी सुमारे आठ हजार नोकऱ्या कमी केल्या आणि 'सिक्स सिग्मा' ही पद्धत सर्वत्र लागू केली. दहा लाख संधींमागे चारहून कमी दोष, हे या पद्धतीचे ध्येय. मोजा, तपासा, फरक कमी करा, हा तिचा मंत्र. उत्पादनाच्या ओळीवर तो अत्यंत गुणकारी ठरतो. कंपनीचा नफा वाढला, शेअर बाजार खूश झाला.

पण हीच मोजपट्टी प्रयोगशाळेतही नेण्यात आली. नव्या कल्पनेची बाजारपेठ किती, खर्च किती, ती किती दिवसांत पूर्ण होईल, याचे तक्ते संशोधकांना भरावे लागू लागले. स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये असा तक्ता भरताना 'उपयोग' या रकान्यात काय लिहिले असते? पूर्वी कंपनीच्या विक्रीपैकी सुमारे एक तृतीयांश वाटा मागील पाच वर्षांत आलेल्या उत्पादनांचा असे; तो घसरून एक चतुर्थांशावर आला. मॅकनर्नी यांच्यानंतर डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधकांभोवतीचा हा फास सैल केला.

यातून शिस्त वाईट, असा अर्थ निघत नाही. गोळ्यांच्या पाकिटात गोळ्या मोजूनच भरल्या पाहिजेत. तेथे कल्पकता नको. प्रश्न आहे तो कोणत्या टप्प्यावर मोजपट्टी काढायची याचा. रोप उगवण्याआधीच त्याची उंची मोजायला माती उकरली, तर रोपही जाते आणि बीही.

आपल्याकडे काय?

भारतात कामगारांच्या डोक्याला मान देण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. जपानमध्ये १९६२ मध्ये सुरू झालेली 'क्वालिटी सर्कल'ची कल्पना, म्हणजे एकाच विभागातील कामगारांनी नियमित बसून आपल्या कामातील अडचणी स्वतः सोडवणे, १९८० मध्ये 'भेल'च्या हैदराबाद येथील कारखान्यात रुजली आणि तेथून देशभर पसरली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहात २००६ पासून नवोपक्रमांची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यात पुढे एक आगळा पुरस्कार आला. प्रामाणिकपणे केलेल्या, पण फसलेल्या धाडसी प्रयत्नासाठी तो दिला जातो. अपयशाला व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवल्या, की सभागृहात बसलेल्या शेकडो जणांच्या मनातील पहारेकरी थोडा दूर होतो.

तरीही आपल्या बहुसंख्य कार्यालयांत उतरंड मोठी आहे. 'साहेबांना कसे सांगायचे?' हा प्रश्न अनेक चांगल्या कल्पनांची समाधी आहे. 'जुगाड' या शब्दाचे आपण कौतुक करतो. पण जुगाड हे बहुधा साधनांच्या अभावातून, वरिष्ठांच्या नजरेआड झालेले असते. त्याची कागदावर नोंद होत नाही, ते दुसऱ्या पाळीला कळत नाही आणि करणारा निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. लपून राहिलेली युक्ती उघडपणे मांडता आली, तरच तिचे ज्ञान होते.

वरिष्ठांनाही यात सर्वस्वी दोषी धरता येणार नाही. २०१२ च्या एका अभ्यासात असे दिसले, की आपल्याला नवीन कल्पना आवडतात असे म्हणणारी माणसेही अनिश्चिततेत असताना मनातून नव्याला नाके मुरडतात. ज्या साहेबाची स्वतःची खुर्ची डळमळीत आहे, तो दुसऱ्याच्या धाडसाला कसा आसरा देणार? म्हणून ही सुरुवात वरूनच व्हावी लागते.

या सुरुवातीला फार पैसा लागत नाही. काय साध्य करायचे ते वरिष्ठांनी स्पष्ट सांगावे आणि कसे करायचे ते कर्मचाऱ्यावर सोपवावे. एखादी सूचना आली तर ठरावीक मुदतीत तिला उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह द्यावा. कारणासह आलेला नकार माणूस पचवतो. त्याला खचवते ते मौन. आठवड्यातील काही तास बैठका आणि फोन यांपासून मुक्त ठेवावेत. फसलेल्या प्रयोगावर 'हे कोणी केले?' याऐवजी 'यातून काय कळले?' असे विचारावे. कर्मचाऱ्यानेही केवळ तक्रार न नेता तिच्यासोबत एक लहानसा, करून पाहण्याजोगा उपाय न्यावा आणि तो मांडण्याआधी एखाद्या विश्वासू सहकाऱ्यासमोर बोलून पाहावा. सिल्व्हर आणि फ्राय यांची गाठ पडली नसती, तर तो गोंद बरणीतच राहिला असता.

लेथवरचा तो टर्नर यंदाही गणपतीत हलता देखावा उभा करील. त्यासाठी त्याला बोनस मिळत नाही, त्याच्यावर कोणी कॅमेरा लावलेला नसतो आणि पहिल्या रात्री कप्पी अडकली तर मंडळातले चार जण हसत हसत मदतीला येतात. त्याच्या कारखान्यात असे होऊ लागले, तर जिन्याखालच्या पेटीची गरजच उरणार नाही. तोवर निदान तिची किल्ली तरी शोधून ठेवायला हवी.